किल्ली हरवेल म्हणून कुलूपच नको?

घरच्या संगणकातील खासगी फाइलींना पासवर्ड आणि कूटबद्धीकरण यांचे संरक्षण देणे हा अनाठायी खटाटोप आहे, हे मत संगणकाशी जेमतेम ओळख असणाऱ्यांइतकेच तो रोज हाताळणाऱ्यांतही रुजलेले आढळते, आणि त्याच्या समर्थनार्थ चार कारणे दिली जातात. संगणक सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड पुरेसा आहे, हे पहिले. प्रामाणिक माणसाकडे लपवण्यासारखे काही नसते, हे दुसरे. हल्लीची फसवणूक फोनवरून आणि लिंकवरून होते, तिला डिस्कवरचे कुलूप आवर घालू शकत नाही, हे तिसरे. आणि पासवर्ड विसरला किंवा तो जाणणारी व्यक्ती दगावली तर कुटुंबाचे फोटो व कागदपत्रे कायमची जातात, म्हणून चोरापेक्षा कुलूपच अधिक घातक, हे चौथे. या चारही कारणांना सारखेच वजन देता येत नाही. पहिले तांत्रिक गैरसमजावर उभे आहे, दुसरे खासगीपणाच्या चुकीच्या कल्पनेवर, तिसऱ्यात अर्धे सत्य आहे आणि चौथे मात्र खरे आहे. तरीही त्या खऱ्या भीतीतून पूर्वपक्ष जो निष्कर्ष काढतो तो टिकत नाही, कारण त्या भीतीने सिद्ध होते ती किल्लीची व्यवस्था लावण्याची गरज. कुलूप टाकून देण्याची गरज तिच्यातून निघत नाही.

वादात शिरण्यापूर्वी शब्द नेमके केलेले बरे. पासवर्ड म्हणजे ओळख पटवण्यासाठी दिलेला परवलीचा शब्द. तो बरोबर असला तर संगणक पुढे जाऊ देतो, चुकला तर अडवतो. कूटबद्धीकरण ही वेगळी क्रिया आहे: तिच्यात फाइलीतील प्रत्येक अक्षर आणि छायाचित्रातील प्रत्येक ठिपका गणिती रीतीने असा बदलला जातो, की विशिष्ट किल्ली हाती आल्याशिवाय डिस्कवर निव्वळ अर्थशून्य आकड्यांचा ढीग दिसावा. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या असते, आणि ती लक्षात ठेवणे माणसाला अशक्य असल्यामुळे ती पासवर्डाच्या आड सांभाळली जाते. पहिला प्रकार देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा आहे, तो येणाऱ्या माणसाची ओळख पाहतो. दुसरा प्रकार आतल्या ऐवजाचेच रूप पालटतो, मग तो ऐवज कोणाच्याही हाती पडो. पूर्वपक्षाचे पहिले कारण या दोहोंची गल्लत करते.

या गल्लतीचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. कूटबद्ध न केलेल्या लॅपटॉपच्या पाठीवरचे आठ-दहा स्क्रू काढून झाकण उचलले, की अलीकडच्या बहुतेक यंत्रांत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक एसएसडी दिसते, आणि ती बहुधा एकाच बारीक स्क्रूने बसवलेली असते. ती सोडवून काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, की ती मोठ्या पेनड्राइव्हसारखी उघडते. आत ‘यूजर्स’ नावाचे फोल्डर असते, त्यात मालकाच्या नावाचे फोल्डर असते, आणि त्यावर क्लिक केले असता विंडोज परवानगी नसल्याचे सांगते खरे, पण त्याच चौकटीत ‘कंटिन्यू’ असे बटणही देते. ते दाबणाऱ्याला त्या दुसऱ्या संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार असले, की थोड्याच वेळात सगळे फोल्डर मोकळे होते. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू केला तर एवढीही विचारपूस होत नाही आणि स्क्रूही काढावे लागत नाहीत. पहारेकऱ्याने कर्तव्यात कसूर केलेली नसते. डिस्क यंत्राबाहेर पडली तेव्हा तो तिच्यासोबत गेला नाही, इतकेच.

लॉगिनचा पासवर्ड निरुपयोगी आहे, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. संपूर्ण डिस्क कूटबद्ध असेल आणि तिची किल्ली संगणकातील टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये ठेवलेली असेल, तर बाहेर काढलेली डिस्क दुसरीकडे उघडत नाही आणि आत शिरण्यासाठी त्याच यंत्रावरील लॉगिनच्या दारातून जावे लागते. म्हणजे देवडीला अर्थ येतो तो भोवती तट असल्यावर. विंडोजमध्ये हा तट ‘बिटलॉकर’ किंवा त्याचेच साधे रूप असलेल्या ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या सोयीने, मॅकमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ने आणि लिनक्समध्ये ‘लक्स’ने उभा राहतो. ही साधने नवलाईची राहिलेली नाहीत. फाइलव्हॉल्ट २०११ पासून संपूर्ण डिस्क कूटबद्ध करते, आणि इंटेलने २०१० च्या सुमारास आपल्या प्रोसेसरमध्येच या गणितासाठी खास आज्ञा बसवल्यापासून, कूटबद्धीकरणाने संगणक मंदावतो ही जुनी तक्रारही घरगुती वापरापुरती जवळजवळ निकालात निघाली आहे.

डिस्क परक्या हाती जातेच कुठे, असा प्रश्न यावर केला जातो. चोरी हा त्यातील एकच मार्ग झाला, आणि तोच सर्वांत नेहमीचा आहे असेही नाही. मालक स्वतःच्या हाताने संगणक दुरुस्तीला देतो, जुना झाला की विकतो, नवा घेताना बदल्यात देतो किंवा भंगारात टाकतो. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतील दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या निघाल्या, आणि उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांकांपासून वैद्यकीय माहितीपर्यंत बरेच काही मिळाले. याचे कारण विक्रेत्यांच्या निष्काळजीपणाइतकेच संगणकाच्या रचनेतही आहे. अशा हार्ड डिस्कवरची फाइल पुसली असता संगणक सहसा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडतो, आतली पाने मात्र त्यांवर नवे काही लिहिले जाईपर्यंत तशीच राहतात. डिस्क मुळात कूटबद्ध असेल तर हा प्रश्न उरत नाही, कारण किल्ली नष्ट केली की पाने तशीच राहूनही वाचता येत नाहीत.

दुरुस्तीच्या दुकानाबाबत पूर्वपक्षाचा विश्वास ओळखीवर बेतलेला असतो, आणि बहुतेक दुकानदार त्या विश्वासाला पात्रही असतात. परंतु कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किरकोळ बिघाड मुद्दाम घडवलेले लॅपटॉप १६ दुकानांत दिले आणि आत काय केले जाते याची नोंद गुपचूप ठेवली, तेव्हा सहा ठिकाणी खासगी फाइली उघडून पाहिल्या गेल्या आणि दोन ठिकाणी त्यांची नक्कलही काढली गेली. हाँगकाँगमधील अभिनेता एडिसन चेन याने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून खासगी छायाचित्रे बाहेर पडली आणि २००८ च्या आरंभी ती जगभर पसरली. त्यात चेहरा दिसलेल्या स्त्रियांना जे सोसावे लागले त्यात त्यांचा अपराध काहीच नव्हता. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दुरुस्ती करणाऱ्याला लॉगिनचा पासवर्ड सांगावा लागला, तर संपूर्ण डिस्कचे कूटबद्धीकरण त्याच्यापुरते संपते. म्हणून अत्यंत खासगी फाइली ‘व्हेराक्रिप्ट’सारख्या मुक्त प्रणालीने तयार केलेल्या वेगळ्या कूटबद्ध पेटीत, म्हणजे स्वतःचा पासवर्ड असलेल्या आणि हवी तेव्हाच उघडणाऱ्या एका मोठ्या फाइलीत, ठेवणे श्रेयस्कर ठरते. तटाच्या आत तिजोरी असावी ती याचसाठी.

आता पासवर्ड या शब्दाने निर्माण होणाऱ्या खोट्या समाधानाकडे वळले पाहिजे, कारण भारतीय घरांत ते फार पसरलेले आहे. आधारची पीडीएफ प्रत उतरवून घेतली की ती पासवर्ड मागते, आणि त्यामुळे ती सुरक्षित असल्याचा समज होतो. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. संगणक कोणाचा आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला नावाची अक्षरे माहीतच असतात, आणि उरलेल्या वर्षासाठी फार तर शंभर पर्याय तपासावे लागतात, जे एखादा चिकाटीचा माणूस हातानेही दुपारभरात तपासू शकेल. नाव ठाऊक नसले तरी चार अक्षरांच्या ४,५६,९७६ जुळण्या गुणिले शंभर वर्षे, म्हणजे साडेचार कोटींच्या आसपास पर्याय होतात, आणि एवढे काम साध्या लॅपटॉपलाही जड नाही. ई-पॅनच्या पीडीएफला जन्मतारीख हाच पासवर्ड असतो. शंभर वर्षांच्या तारखा सुमारे साडेछत्तीस हजारच भरतात. शेअर व म्युच्युअल फंडांच्या एकत्रित विवरणपत्राला पॅन क्रमांक लागतो, आणि पॅन कार्डाची स्कॅन केलेली प्रत बहुधा त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेली असते. या योजनेला दोष देण्याचे कारण नाही. ईमेलमधून जाता जाता फाइल कोणी सहज उघडू नये, एवढ्याच बेताची ती आहे. त्या पासवर्डाला कायमची तिजोरी समजणे ही चूक वापरणाऱ्याची आहे.

कुलूप चांगले आणि किल्ली कच्ची, अशी ही अवस्था. तिच्या उलट अवस्थेचे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि पंथाबाहेरच्या वाचकाला कित्येक शतके ते दुर्बोध राहिले. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे ठरावीक चिन्ह येते. म्हणजे त्यांचे सारे गुपित पद्धतीतच सामावलेले होते, आणि पद्धत व किल्ली या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्यांची उकल हाती लागली, तेव्हा त्या लिपीतील सगळ्या पोथ्यांची दारे एकदम उघडली. मराठी अभ्यासाच्या दृष्टीने ते भाग्यच. परंतु गुप्ततेच्या शास्त्राच्या दृष्टीने जे एकदा कळले की सारे कळते, ते कुलूप दुबळेच.

ओगुस्त केर्कहॉफ्स या डच वंशाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनावर फ्रेंचमध्ये लिहिताना जे तत्त्व मांडले ते याच दुबळेपणावर बोट ठेवते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे. आजचे कूटबद्धीकरण या तत्त्वावर उभे आहे. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली पद्धत जगभरच्या अभ्यासकांनी उघडपणे चाचपून पाहिल्यावर २००१ मध्ये अमेरिकेने ‘एईएस’ या नावाने प्रमाण ठरवली, आणि तिचा तपशील कोणालाही वाचता येतो. तिच्या आधीच्या ‘डीईएस’ या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ५६ अंकांची होती. १९९८ मध्ये खास बनवलेल्या एका यंत्राने सगळ्या शक्यता तपासत ती ५६ तासांत शोधून काढली. एईएसची सर्वांत लांब किल्ली २५६ बिटांची आहे, आणि तिच्या शक्यतांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. अशा कुलपाशी झटण्यात अर्थ नसल्यामुळे शहाणा चोर कुलूप सोडून पासवर्डाच्याच मागे लागतो.

म्हणून सारा भार पासवर्डावर येतो, आणि तेथे माणसाची कल्पनाशक्ती तोकडी पडते. छोट्या इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर त्याच्या जुळण्या २०,८८२ कोटींच्या घरात जातात. संख्या मोठी वाटते, पण सेकंदाला एक लाख कोटी पर्याय तपासणाऱ्या यंत्रसमूहाला तिच्यासाठी पाव सेकंदही लागत नाही. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली फाशांची पद्धत यावर सोपा उतारा देते: ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी घ्यायची, पाच फासे टाकून येणाऱ्या क्रमांकाचा शब्द उचलायचा, आणि असे सहा शब्द एकापुढे एक ठेवायचे. ‘नांगर डबी तिकीट कोयता पाऊस सतरंजी’ या धर्तीच्या सहा शब्दांच्या जुळण्या इतक्या होतात, की त्याच वेगाच्या यंत्रसमूहाला सगळ्या तपासायला सुमारे सात हजार वर्षे लागावीत. आणि व्हेराक्रिप्ट किंवा लक्स पासवर्डापासून किल्ली बनवताना तेच गणित मुद्दाम लाखो वेळा करायला लावून किंवा भरपूर मेमरी खर्चायला लावून प्रत्येक प्रयत्न महाग करत असल्याने प्रत्यक्षात तो वेगही गाठता येत नाही. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. शब्द मनाने निवडायचे नाहीत, कारण मन पाठ असलेल्या अभंगाच्या किंवा गाण्याच्या ओळीकडे धाव घेते आणि अशा ओळी पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्यांत आधीच असू शकतात. आणि मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना ‘पाऊस’मध्ये एक ए की दोन, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर उतरवायचे, नाहीतर शब्द आठवूनही दार उघडत नाही.

दुसरे कारण, लपवण्यासारखे काही नाही हे, ऐकायला निर्मळ वाटते. परंतु त्यात घरच्या संगणकातील माहिती एकट्या मालकाची असते असे गृहीत धरलेले आहे. अशा संगणकात वस्तुतः आईवडिलांचे वैद्यकीय अहवाल असतात, पत्नीची पगारपत्रके असतात, मुलांचे जन्मदाखले, घराचा इंडेक्स टू, शेताचा सातबारा, भावंडांत वाटणीवरून झालेला पत्रव्यवहार आणि ब्राउझरने साठवून ठेवलेले डझनभर संकेतस्थळांचे पासवर्ड असतात. मालक वकील, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल असेल तर घरी आणलेल्या कामाच्या रूपाने परक्यांची गुपितेही असतात. स्वतःचे काही उघडे पडले तरी चालेल, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. बहिणीचे किंवा अशिलाचे उघडे पडले तरी चालेल, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय लपवणे आणि झाकणे यांत फरक आहे, हे मराठी घराला समजावून सांगावे लागू नये: न्हाणीघराला कडी असते ती आत गुन्हा घडतो म्हणून नव्हे.

कूटबद्धीकरण गुन्हेगारांच्या सोयीचे असते, ही या कारणाची जहाल आवृत्ती. तिला कायद्याच्या अंगानेही उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सक्षम यंत्रणेने रीतसर आदेश दिल्यास संगणकाचा ताबा असणाऱ्याला माहितीची उकल करण्यात साहाय्य करावे लागते, आणि त्याला नकार दिल्यास सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हे कलम किती व्यापक असावे, यावर स्वतंत्र वाद होऊ शकतो आणि व्हायलाही हवा. येथे एवढेच नोंदवायचे, की शासनापाशी मागणी करण्याचा मार्ग आहे, चोरापाशी तो नाही, आणि म्हणून घरच्या डिस्कवरचे कुलूप सर्वांत आधी चोराच्या आड येते. त्याच कायद्याचे कलम ८४अ तर सुरक्षित व्यवहारांसाठी कूटबद्धीकरणाच्या पद्धती ठरवून देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. जी गोष्ट कायदा स्वतः सुरक्षिततेचे साधन मानतो, तिच्यावर संशयाचा शिक्का मारणे अप्रस्तुत आहे.

तिसऱ्या कारणातले अर्धे सत्य निःसंकोच मान्य केले पाहिजे. संगणक सुरू असताना आणि डिस्क उघडलेली असताना आत शिरलेल्या घातक प्रणालीला फाइली मालकाला दिसतात तशाच दिसतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने तर स्वतःच कूटबद्धीकरण वापरून लोकांच्या फाइली ओलीस धरल्या. ओटीपी स्वतःहून सांगणाऱ्यालाही कोणते कूटबद्धीकरण वाचवू शकत नाही. पण मच्छरदाणीने चोर अडत नाही म्हणून ती कोणी फेकून देत नाही, आणि कडीने डास अडत नाहीत म्हणून ती काढून टाकत नाही. प्रत्येक साधनाला ते ज्या धोक्यासाठी आहे त्याच धोक्यावर तपासावे लागते, आणि हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, विकलेल्या किंवा दुरुस्तीला दिलेल्या डिस्कवर दुसरे इतके परिणामकारक साधन पूर्वपक्षाने आजवर सुचवलेले नाही.

आता चौथे कारण. त्याची धार बोथट करून त्याला उत्तर देणे लबाडीचे होईल, म्हणून त्याचे सर्वांत कठोर उदाहरणच घ्यावे. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरकडे ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या ‘आयर्नकी’ नावाच्या कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये होत्या. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर तो कायमचा बंद होतो, आणि त्याचे आठ प्रयत्न वाया गेल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जगजाहीर झाले, तेव्हा त्या बिटकॉइनची किंमत वीस कोटी डॉलरांहून अधिक होती. कूटबद्धीकरण चोर आणि मालक यांत भेद करत नाही, ते किल्ली पाहते. ज्या गुणामुळे ते चोराला अडवते त्याच गुणामुळे ते विसराळू मालकालाही अडवते. मधला मार्ग तंत्रज्ञानात नाही, कारण विसरलेल्यासाठी मागचे दार ठेवले की ते दार इतरांसाठीही उघडे होते. येथवर पूर्वपक्षाशी मतभेद नाही.

मतभेद पुढच्या पायरीवर आहे. थॉमस यांचा पासवर्ड कागदावर लिहिलेला होता, आणि हरवला तो कागद. कागद एकच होता आणि तो कोठे आहे याची व्यवस्था नव्हती. दोष त्या अव्यवस्थेचा आहे. पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये, हा उपदेश कचेरीतल्या संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमुळे रूढ झाला आणि घरात तो विचार न करता आणला गेला. घरात गणित वेगळे असते: लॅपटॉप उचलून नेणारा चोर लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यातील पाकीट शोधत बसेलच असे नाही, आणि दूर कोठे तरी बसून आंतरजालावरून हल्ला करणाऱ्याला तर कागद दिसतच नाही. सहा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहून एक प्रत कपाटात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्रासोबत पाकिटात ठेवली, की विसरणे आणि मरण या दोन्ही आपत्तींची तरतूद होते. ज्या घरात लॉकरची किल्ली कोठे आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे हे माहीत असते, त्या घराला ही व्यवस्था अपरिचित नाही.

शिवाय पूर्वपक्ष ज्या हानीचे भय दाखवतो, ती कूटबद्धीकरण टाळून टळत नाही. डिस्क बिघडते, लॅपटॉप पाण्यात पडतो, चोर तो नेतोच. ज्याच्या फाइलींची दुसरी प्रत नाही त्याचे फोटो कुलपाविनाही जातात. फोटो गमावण्यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या डिस्कवर नेमाने घेतलेली प्रत, आणि ती प्रतही कूटबद्ध असायला हवी, अन्यथा पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते. दार आणि छप्पर ही दोन कामे आहेत. छप्पर गळते म्हणून दार नको, हा युक्तिवाद घराबाबत कोणी करत नाही.

पूर्वपक्षाची सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे: ज्या निवडीवर तो वाद घालतो, ती निवड पुष्कळ घरांत उरलेलीच नाही. नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप सुरू होते, आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने त्यासाठीच्या यंत्रविषयक अटी आणखी सैल केल्या. त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली, म्हणजे नेहमीचा मार्ग बंद झाल्यावर डिस्क उघडणारी संख्या, त्या खात्यात जमा होते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की निळ्या पडद्यावर तीच मागितली जाते. दुकानात कोणीतरी घाईत उघडून दिलेले ते खाते कोणते, हे ज्याला आठवत नाही, त्याच्या कुटुंबाचे फोटो आज, या घडीला, हरवलेल्या किल्लीच्या आड आहेत. कूटबद्धीकरण नको म्हणत त्याविषयी काहीच न शिकलेल्या माणसावर ही आपत्ती आधी कोसळते. विसरण्याची भीती खरी मानली, तर तिची पहिली मागणी अशी आहे, की खात्यात शिरून ते ४८ अंक शोधावेत, कागदावर उतरवावेत, आणि एकदा मुद्दाम ती कागदावरची किल्ली वापरून दार उघडते का, हे तपासून पाहावे.

महानुभावांच्या पोथ्यांकडे शेवटी पुन्हा वळणे म्हणूनच उचित आहे. त्यांचे कुलूप आजच्या मापाने दुबळे होते, हे वर आलेच. परंतु त्या पोथ्या कधी मुक्या झाल्या नाहीत, कारण बाहेरच्यांना बंद असलेली ती अक्षरे पंथाच्या आत गुरूकडून शिष्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. किल्ली जपण्याचे काम कुणा एकाच्या स्मरणशक्तीवर सोडलेले नव्हते. आजच्या घरापाशी त्यांच्यापेक्षा कितीतरी बळकट कुलूप आहे. त्यांच्यापाशी होती ती दुसरी गोष्ट, म्हणजे किल्ली कोणाकडे जाईल याचा आधीच केलेला विचार, तेवढी जोडली की पूर्वपक्षाच्या चौथ्या कारणाचे समाधान दोन पाकिटांत होते. उघड्या डिस्कचा लॅपटॉप एकदा परक्या हाती गेला, की मात्र तो बंद करण्याचा कोणताही उपाय पूर्वपक्षापाशी उरत नाही.